चालणारा दगड

आमच्या जुनो गावात क्रूझच्या जहाजांबद्दल कोणी फारसं बरं बोलत नाही. उन्हाळ्यात रोज चार-पाच येतात, धक्क्याला लागली की खालच्या रस्त्यावरचा उजेड अडवतात, आणि त्यांतून उतरलेली माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून गरुडांचे फोटो काढतात. मीही चाळीस वर्षं त्यांच्या नावानं बोटं मोडली आहेत. त्यामुळे मी आणि माझा नवरा हॉकन जुनोहून विमानानं सिअ‍ॅटलला जाणार, तिथं जहाजात बसणार आणि आमच्याच घरापासून साठ मैलांवरची हिमनदी बघायला उलटे येणार, हे शेजारच्या वॉल्टला कळलं तेव्हा त्याला आयतंच कोलीत मिळालं. जुनोत उतरलात की माझ्या दुकानातून टी-शर्ट न्या, तुम्हा पाहुण्यांना दहा टक्के सूट देतो, असं त्यानं कुंपणावरून ऐकवलं.

पण दुसरा मार्ग नव्हता. पूर्वी आम्ही पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं सॉरेल हिमनदीपाशी जायचो, राहुटी ठोकायचो, आठवडाभर राहायचो. आता हॉकनचे दोन्ही गुडघे गेलेत आणि डोळ्यांच्या मधोमध डाग पडलेत. कडेचं दिसतं, समोरचं नाही. कोणाकडे बघायचं तर तो कोंबडीसारखी मान तिरकी करतो. अशा माणसाला विमानवाला नेईना, आणि मला त्याचं बरोबरच वाटत होतं. शेवटी आमच्या इंगानं, म्हणजे मुलीनं, बाल्कनीच्या केबिनचं तिकीट काढून दिलं. हॉकननं कंपनीला तीनदा फोन करून हिमनदीसमोर जहाज कुठल्या बाजूनं वळतं ते विचारलं. तिकडच्या मुलीनं तिन्ही वेळा तेच सांगितलं, आधी डावी बाजू अर्धा तास, मग उजवी बाजू अर्धा तास, सगळ्यांना सारखं दिसतं सर. त्यानं डावी बाजू घेतली.

त्याला हिमनदी बघायची नव्हती, मोजायची होती. तेहतीस वर्षांपूर्वी त्यानं हिमनदीच्या तोंडाशेजारच्या टेकाडावर एका मोठ्या दगडात पितळी खिळा ठोकला, दगडाला नारिंगी रंग फासला, आणि तिथून बर्फापर्यंतचं अंतर घेतलं. मग दर सप्टेंबरात तेच. सत्तावीस सप्टेंबर झाले. हिमनदी किती मागे हटली हे सांगायला लोक त्याचाच तक्ता वापरायचे. त्याच्या विद्यापीठानं या हिवाळ्यात तो तक्ता कायमचा म्हणून छापायचं ठरवलं होतं. शेवटचा, अठ्ठाविसावा आकडा हातात आला की कागद छापखान्यात जाणार होते.

त्या तक्त्याच्या वाटेत एकदाच कोणी आडवं आलं होतं. मर्ना कॅल्हून. हॉकनचीच विद्यार्थिनी, हुशार, बोलायला फटकळ, आणि खायला बसली की दोन माणसांचं खाणारी. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं विमानातून काढलेले जुने-नवे फोटो एकमेकांवर ठेवून पाहिले आणि एका परिषदेत उभी राहून म्हणाली की हिमनदी मागे जातेय हे खरं, पण सरांचा दगडही जागेवर नाही, तो दर वर्षी चारेक मीटर समुद्राकडे सरकतोय. म्हणजे तक्त्यात हिमनदीच्या माथी मारलेलं काही अंतर दगडाचंच होतं. हॉकन उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरी, विमानातून खाली उतर आणि एकदा माझ्या दगडावर पाय ठेवून बघ. चालायला लागला तर मला हाक मार." सभागृह हसलं. पुढे वर्षभर तिला लोक चालणाऱ्या दगडावरून चिडवायचे. हॉकनच्या निरोपसमारंभात पोरांनी त्याला एक गोटा भेट दिला, त्याला रंगानं बूट काढलेले होते. त्या वेळी मर्नानं हे क्षेत्र सोडून दोन वर्षं झाली होती. आता ती सिटका गावात सातवीच्या मुलांना गणित शिकवते.

जाताना तिनं एक पत्र पाठवलं होतं. तक्त्याच्या खाली 'या आकड्यांबद्दल मतभेद आहे' एवढी एकच ओळ घाला, असं तिचं म्हणणं होतं. हॉकननं उत्तर दिलं नाही. मी त्याला यावरून सोडलं नाही. घरात कशावरूनही वाजलं, भांड्यावरून, बिलावरून, इंगाच्या लग्नावरून, की शेवटी मी म्हणायचे, तू त्या पोरीचं काय केलंस ते आधी बघ. वाद तिथंच संपायचा. ते माझं हुकमी पान होतं आणि मी ते भरपूर वापरलं.

दहाच्या सुमाराला जहाज खाडीच्या टोकाशी आलं. आम्ही बाल्कनीत गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसलो होतो. अंतर मोजणारी दुर्बीण माझ्याकडे, वही आणि पेन्सिल त्याच्याकडे. त्याला वहीच्या रेघा दिसत नाहीत, पण पेन्सिल दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. मध्ये एक पांढरं फळकूट आणि पलीकडे नेब्रास्काहून आलेले प्रुईट नवरा-बायको. प्रुईटनं फळकुटावरून डोकं काढून विचारलं की बर्फ साधारण किती वाजता तुटतं. हॉकननं मान तिरकी करून सांगितलं, सव्वादहाला, उशीर झाला तर काउंटरवर तक्रार करा. प्रुईटनं घड्याळ बघितलं.

मग जहाज सावकाश वळलं आणि हिमनदी आमच्या कठड्यामागून समोर आली. सहा वर्षांनी बघत होते. अंगावर काटा वगैरे आला नाही. बारीक झालेल्या ओळखीच्या माणसाकडे आपण बघतो आणि काही बोलत नाही, तसं झालं. हॉकननं हवा हुंगली.

"दगड सापडला?" त्यानं विचारलं.

सापडला. रंग फिका झाला होता, तरी नारिंगी पट्टा झुडपांमधून दिसत होता. पण मी जिथं शोधत होते तिथं तो नव्हता. बराच खाली आणि पाण्याच्या बाजूला होता. जहाज वेगळ्या कोनात असेल असं मी मनात म्हटलं आणि अंतर घेतलं. आठशे बारा मीटर. त्यानं लिहिलं. मग बर्फाच्या भिंतीचं अंतर घेतलं, मग दोन्हींमधला कोन. उरलेला हिशेब तो तोंडी करणार होता. ओठ हलायला लागले होते त्याचे.

मी दुर्बीण खाली ठेवली असती तर काम संपलं होतं. पण हात तसाच राहिला आणि मी दगडाच्या खालचा उतार बघत बसले. सहा वर्षांत पाण्यानं टेकाडाची समुद्राकडची बाजू खाऊन टाकली होती. वर झुडपं, त्याखाली छातीएवढी माती आणि गोटे, आणि त्याखाली काळी, ओली भिंत. मला तो कातळ वाटला. पण कातळ ठिबकत नाही. भिंतीवरून सगळीकडून पाणी ओघळत होतं. तेवढ्यात मातीचा एक लपका झुडपासकट निसटून पाण्यात पडला आणि त्याच्या जागी निळं दिसलं. स्वच्छ निळं, वीतभर रुंद.

आख्खं टेकाड बर्फाचं होतं. हिमनदीचाच एक तुकडा, मातीखाली गाडला गेलेला, वर झाडंझुडपं वाढलेली. हॉकननं तेहतीस वर्षांपूर्वी घट्ट जमीन समजून ज्यावर खिळा ठोकला ते वितळणारं आणि घसरणारं बर्फ होतं.

हे मी सांगितलं नसतं तर त्याला कधीच कळलं नसतं. जहाजावरच्या दोन हजार माणसांत ती भिंत काय आहे हे कळणारी मी एकटीच होते. त्याचं वय अठ्ठ्याहत्तर. तक्ता छापला जाणार होता. मला त्याची दया आली, खरी दया, आणि त्याच वेळी मर्नाचं सभागृहातलं तोंडही आठवलं.

"का थांबलीस?" तो म्हणाला.

मी सांगितलं. जसं दिसलं तसं, वरून खाली. झुडपं, माती, काळं, ठिबकणारं, निळं. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, निळं नक्की का. मी म्हटलं, हो. त्याची पेन्सिल थांबली.

आणि मग मला खड्डा आठवला. हे लिहितानाही मला लाज वाटते. त्या टेकाडावर दगडाच्या सावलीत मी दर वर्षी एक खड्डा खणायचे. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात लोणी, अंडी, रावस घालून त्यात ठेवायचे आणि अस्वलांनी उकरू नये म्हणून वर मोठे दगड रचायचे. खड्ड्याच्या तळाशी बर्फ लागायचं. मला वाटायचं, गेल्या हिवाळ्यातलं हिम मातीखाली राहिलं असेल. लोणी आठवडाभर टणक राहायचं एवढ्यावर मी खूश होते.

मी हॉकनला तेही सांगितलं. त्यानं हिमनदीच्या बाजूला तोंड वळवलं. त्याला तिथं फक्त पांढरट धूसर काहीतरी दिसत असणार.

"बर्फ दर वर्षी लागायचं?"

"दर वर्षी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू मला आकडे विचारायचास, हॉक. लोण्याचं कधी विचारलंस?"

फळकुटापलीकडून ओरडा झाला. हिमनदीचा एक मोठा कडा तुटून पडला होता आणि त्याचा आवाज मागाहून आमच्यापर्यंत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रुईटनं डोकं काढून सांगितलं की फक्त सहा मिनिटं उशीर झाला. मग जहाज वळलं, हिमनदी उजव्या बाजूच्या लोकांकडे गेली, आणि आमच्यासमोर नुसता हिरवा डोंगर राहिला.

दुपारी तो जेवला नाही. मी खाली जाऊन सूप प्याले, दोन वेळा. तो केबिनमध्ये टोपी घालून बिछान्यावर बसून होता. मी परत आले तेव्हा त्यानं सांगितलं की दगडावरून घेतलेले शिखरांचे कोन दर वर्षी थोडेथोडे चुकायचे आणि तो ते होकायंत्राच्या नावावर खपवायचा. तीन होकायंत्रं बदलली होती म्हणे त्यानं. मला ते माहीत होतं, पैसे मीच भरले होते. मग तो म्हणाला, उद्या मर्नाच्या शाळेत फोन लावू.

दुसऱ्या दिवशी जहाज जुनोला लागलं. बाल्कनीतून डोंगरावरचं आमचं घर दिसत होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत मी विसरलेला हिरवा टॉवेलसुद्धा. सगळे उतरून गेले. आम्ही उतरलो नाही. वॉल्टच्या दुकानापुढून जायचं माझ्या अंगात नव्हतं आणि हॉकनला फोन करायचा होता. सिटकाच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की मधल्या सुट्टीत मर्ना मैदानावर असते, फोन तिच्यापर्यंत नेऊन देते. आमचा फोन आवाज मोठा करून बाल्कनीतल्या टेबलावर ठेवला होता. पाच मिनिटं मुलांचा गलका ऐकू येत राहिला.

"कॅल्हून बोलतेय," ती म्हणाली. आवाज तोच होता, जरा जाड झालेला.

"मर्ना, मी हॉकन ट्वेटेन. दगड चालत होता."

तिकडून मुलांचे आवाज आले. कोणीतरी कोणाचा तरी चेंडू घेतला होता.

"ते मला माहीत आहे, सर."

"हो. मला काल कळलं."

मग त्यानं भराभर सांगितलं. तक्ता तसा छापू देणार नाही. सगळे आकडे दुरुस्त करायचे, दुरुस्ती कोणाच्या कामावरून केली तेही लिहायचं, तिच्या नावानिशी. त्या दिवशी सभागृहात आपण वाईट वागलो. हे शेवटचं त्यानं सगळ्यात हळू सांगितलं. मर्ना सगळ्याला बरं म्हणाली. आभारही मानले. मुलांच्या आईबापांशी शिक्षक बोलतात तो स्वर होता तो, नीट आणि लांबून. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, पण हॉकनला इतकं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटत होतं. बघ, मी म्हणत होते ना.

तिनं विचारलं, "पण पाहिलं कोणी? तुम्हाला दिसत नाही असं ऐकलं होतं."

"लॉरेट्टानं पाहिलं. आणि तिचं आणखी एक आहे. तो खड्डा. लॉरेट्टा, तू सांग."

मी टेबलावर वाकून सांगितलं. डबा, लोणी, तळाचं बर्फ. बोलता बोलता फोनमधलं काहीतरी बदललं. मुलांचा आवाज कमी झाला. ती कुठंतरी आत गेली असावी, दार लावल्याचा आवाज आला.

"किती खोल?" ती म्हणाली.

"काय?"

"बर्फ लागेपर्यंत किती खणायला लागायचं? पहिल्या वर्षी?"

"कोपरापर्यंत हात जायचा."

"आणि नंतर? थांबा, लिहून घेते." खडू फळ्यावर आपटल्याचा आवाज आला. "सांगा."

मी सांगत गेले. मला वाटलं नव्हतं इतकं मला आठवत होतं. इंगा पोटात होती त्या वर्षी फार वाकवत नव्हतं म्हणून हॉकननं वरची माती काढून दिली होती, पण तळापर्यंत त्याचा हात गेला नव्हता, तळचं मीच कसंबसं खणून डबा ठेवला होता. कोपराच्या वर चार बोटं. नवीन फावडं आणलं त्या वर्षी दंडाच्या मध्यावर. मग बगलेपर्यंत. शेवटी शेवटी पालथं झोपून हात घालावा लागायचा, आणि सर्वांत शेवटच्या खेपेला हात पुरलाच नाही, डबा दोरीनं सोडला. ती दर वेळी कोणतं साल ते विचारत होती आणि मी पोरांच्या वयावरून, फावड्यावरून, राहुटी फाटली होती त्यावरून साल काढून देत होते. फळ्यावर खडू चालत होता. तिनं माझ्या हाताची लांबी विचारली. हॉकननं टेबलावरची मोजायच्या गाठी मारलेली सुतळी घेतली, चाचपडत माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत धरली आणि गाठी मोजून आकडा सांगितला. आमचं तिघांचं असं काम पहिल्यांदाच चाललं होतं आणि, खरं सांगते, मला मजा येत होती.

"बर्फ वितळत जातं तशी वरची माती जाड होते," मर्ना म्हणाली. तिचा आवाज आता वीस-बावीस वर्षांच्या पोरीचा होता. "सरळ रेघ येतेय. मिसेस ट्वेटेन, ही सरळ रेघ आहे. माझ्याकडे हे असतं ना, तर मला विमानाचे फोटोही लागले नसते."

घंटा वाजली. फळ्यावरचा खडू थांबला. ती निरोप घेईल असं मला वाटलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मिसेस ट्वेटेन," ती म्हणाली.

"काय विचारलं होतंस?"

"परिषदेच्या आदल्या वर्षी मी दोन दिवस तुमच्या तळावर होते. उन्हात बसून जेवत होतो. ब्रेडवर लोणी लावताना माझी सुरी वाकली. मी विचारलं, इतकं घट्ट कसं राहतं हे, ठेवता कुठं."

मला आठवलं. सगळंच आठवलं. तिची लाल टोपी, तोंडात घास, पुढे केलेली सुरी. हॉकन खाली दोरी धरून उभा होता आणि मोजायला ये म्हणून तिला हाका मारत होता. आठवडाभर तिथं मोजमाप आणि वाद यांखेरीज काही बोललंच जायचं नाही. मला त्यात कोणी घेत नसे. लोणी तेवढं माझं होतं, आणि तेही त्यांनी घ्यावं असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

"मी काय म्हणाले होते?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"तुम्ही हसलात. म्हणालात, स्वयंपाकातली गोष्ट आहे गं, तुझ्या कामाची नाही."

मी तिची माफी मागितली. ती हो म्हणाली, वर्गात मुलं आलीत, फोन ठेवते म्हणाली, आणि ठेवला.

धक्क्यावर बसगाड्या उभ्या होत्या आणि गार वारा सुटला होता. हॉकन माझ्या बाजूला तिरकी मान करून बसला होता. सुतळी अजून त्याच्या हातात होती. एकोणीस वर्षं मी ज्या गोष्टीवरून या माणसाला घालून पाडून बोलले त्यातली निम्मी चूक माझी होती, आणि हे त्यानं आत्ताच माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं. मी वाट बघत होते. त्याची पाळी होती आणि त्याला हवं ते बोलायचा हक्क होता. त्यानं सुतळी गुंडाळून खिशात ठेवली, उठून चाचपडत आत गेला आणि माझा कोट घेऊन आला.